सतराशेचं पीक

आमच्या रसायनशास्त्र विभागातले चौगुले सर रस्त्याला नख लावून बघतात. बायका भाजीवाल्याकडे दुधी भोपळ्याला लावतात तसं. चालता चालता एकदम थांबायचं, पँट गुडघ्याशी जरा वर ओढायची, उकिडवं बसायचं आणि अंगठ्याचं नख डांबरात रुतवायचं. मग ते नख नाकाशी न्यायचं. एकदा बिंदू चौकात भर दुपारी हा प्रकार चालू असताना मागे दुचाक्या थांबल्या. एकाने हेल्मेट काढून विचारलं, "काय झालं पावणं, चक्कर आली काय?"

"न्हाय," सर खालूनच म्हणाले. "वय बघतोय."

"कुणाचं?"

"रस्त्याचं. मागच्या साली केलाय म्हणत्यात, पर मला तर चांगला जुनाट वाटतोय."

दुचाकीवाल्याने गाडी स्टँडला लावली आणि तोही शेजारी उकिडवा बसला. कोल्हापुरात कुणी रस्त्यावर बसून काही बघत असेल तर आपणही बसून बघायचं असतं. थोड्या वेळाने तिथे पाच-सहा माणसं रस्त्याला नखं लावत होती आणि एकमेकांच्या नखांचा वास घेत होती. मी सरांची आणि माझी पिशवी धरून कडेला उभा होतो. सरांबरोबर कुठेही गेलं की माझ्या वाट्याला हेच काम येतं.

मला चौगुले सर आवडत नाहीत असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्यावर जळतो, एवढंच. आणि माझ्या जळण्याला कारण आहे. सर डांबरावर संशोधन करतात. मी, म्हणजे प्राध्यापक कुलकर्णी, त्यांच्यापेक्षा थोडा लहान, त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसणारा, गुळावर करतो. आता तुम्हीच सांगा, कोल्हापूरसारख्या गावाने कुणाला डोक्यावर घ्यायला हवं? गूळवाल्याला की डांबरवाल्याला? इतकी साधी गोष्ट, पण गावाला ती आजवर समजलेली नाही.

आमच्या दोघांत यंत्र एकच. त्याला आम्ही नुसतं 'आयआर' म्हणतो. दिसायला मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढं. त्याच्या डोक्यावर मसुराच्या दाण्याएवढा हिरा बसवलेला आहे. त्या हिऱ्यावर पदार्थाचा ठिपका ठेवायचा आणि खालून डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडायचे. पदार्थातला प्रत्येक बंध आपापल्या वाट्याचे किरण गिळतो आणि संगणकाच्या पडद्यावर डोंगरदऱ्यांसारखी रेघ उमटते. कुठला डोंगर कुठल्या आकड्यावर उभा राहिला यावरून आत काय आहे ते कळतं. मी हे एकदा घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं, तेव्हा बायकोने फक्त एवढंच विचारलं, "खरा हिरा आहे? आणि त्याला तुम्ही डांबर फासता?"

मी म्हटलं, मी नाही फासत, चौगुले फासतात. मी गूळ लावतो. त्यावर ती म्हणाली की भाऊजी काहीतरी विचार करूनच फासत असतील. आमच्या गल्लीत खड्डा पडला तेव्हाही ती मला म्हणाली, "चौगुले भाऊजींना जरा बोलवा, ते बघतील." मी पीएच.डी. आहे. खड्डा मलाही दिसतो.

तर त्या रेघेतल्या डोंगरांना आम्ही लोक 'पीक' म्हणतो. इंग्रजीतला शब्द, पण तोंडात बसलाय. डांबर उन्हात तापतं, हवेतला ऑक्सिजन त्यात शिरतो, आणि आकड्यांच्या पट्टीवर सतराशेपाशी एक पीक वर येऊ लागतं. ते जितकं उंच, तितकं डांबर म्हातारं. सरांचं सगळं आयुष्य या सतराशेच्या पिकात गेलेलं आहे. सकाळी विभागात आल्यावर लोक एकमेकांना चहा झाला का विचारतात. सर स्वतःशीच विचारतात, "सतराशे कसं हाय आज?"

या शब्दापायी माझा एक हक्काचा माणूस गेला. शिरोळहून मगदूम आण्णा आले होते. मोठे शेतकरी, घरचं गुऱ्हाळ, माझ्या संशोधनाला गूळ देणारे. हातात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घेऊन ते दारात उभे राहिले तेव्हा सर पडद्याकडे बघून स्वतःशी बोलत होते, "सतराशेचं पीक लई चढलंय. संपलं. हातात काय राहिलं न्हाय."

आण्णांनी चपला काढल्या. आमच्याकडे उसाच्या जाती आकड्यांनीच ओळखतात, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटलं नाही. "सतराशे म्हंजे नवी जात काय ओ सर?"

"जात कसली. जुनं दुखणं हाय," सर मागे न बघता म्हणाले.

"पाणी लागलं व्हय?"

"पाणी नव्हं. ऊन आणि वारं."

"आमचं पुरानं जातंय, तुमचं उनानं गेलं," आण्णा हळहळले. "खोडवं धरा की मग. जुन्याच बुडख्यावर नवं येतंय."

सरांना वाटलं, हा माणूस जुन्याच डांबरावर नवा थर द्यायला सांगतोय. "न्हाय ओ. वरवरच्या कामात राम न्हाय. मुळापासनं उकरायचं आणि नवीन टाकायचं."

"ह्ये मातूर बराबर बोल्लासा," आण्णा म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. दोघं बराच वेळ बोलले. निचरा, माती, खालचा थर, सरकारी अधिकारी, सगळ्यावर त्यांचं एकमत झालं. मी मधे बोलायला गेलो तर आण्णा मला म्हणाले, "थांबा ओ जरा, कामाचं चाललंय." जाताना त्यांनी माझ्यासाठी आणलेला गुळाचा रवा सरांच्या टेबलावर ठेवला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बिचाऱ्यांचं लई नुकसान झालंय. तुमी पुढच्या बारीला न्या." त्यानंतर ते आले की आधी सरांकडे जातात. पीक कसं आहे विचारतात.

वर्गातही तेच. माझ्या तासाला मुलं मान डोलवत बसतात आणि ती समजल्यामुळे डोलत नसते हे मला कळतं. सरांच्या तासाला दाराबाहेर दुसऱ्या वर्गाची मुलं उभी असतात. कारण सर डांबराची रचना सांगतात ती अशी: "अस्फाल्टीन म्हंजे घरातले थोरले. वजनदार, एकमेकाला चिकटून बसलेले, जागचे हलायचे न्हाईत. तेलं म्हंजे पोरंबाळं, हिकडं तिकडं पळणारी. आणि रेझिन म्हंजे थोरली सून. ती दोन्हीकडच्यांना धरून असती. उनाचा मारा झाला की आधी ती आटती. सून आटली की घर फुटतंय. त्यालाच तुमी खड्डा म्हणताय." मुलं हसतात, लिहून घेतात आणि परीक्षेत हेच उतरवतात. बाहेरच्या परीक्षकाने एकदा विचारलं होतं की ही थोरली सून कुठल्या पुस्तकात आहे. सरांनी त्यालाही समजावून सांगितलं आणि तो पूर्ण मार्क देऊन गेला.

दरवर्षी खड्डे पडले की गावातल्या वर्तमानपत्राचा माणूस सरांचा फोटो घेऊन जातो. सर उकिडवे, नख डांबरात, चेहऱ्यावर नाडी बघणाऱ्या वैद्याचा भाव. माझाही फोटो एकदा आला. त्याच फोटोत, उजव्या कडेला, दोन पिशव्या धरलेला हात. घड्याळावरून घरच्यांनी ओळखला.

एकदा मला राहवलं नाही. मी डांबराच्या रिकाम्या बाटलीत काकवी भरली आणि नवीन नमुना आलाय म्हणून सरांच्या टेबलावर ठेवली. घट्ट काकवी आणि पातळ डांबर शेजारी ठेवलं तर भल्याभल्यांना ओळखू येत नाही. सरांनी बाटली उजेडात धरली, तिरकी केली, झाकण उघडलं, वास घेतला. मग बोट बुडवून सरळ चाटलं. मी मनात हसायच्या तयारीत. सर म्हणाले, "कुलकर्णी, चुना जरा जास्त पडलाय. तुमच्या मगदुमास्नी सांगा."

गुऱ्हाळात उसाचा रस निवळायला चुना घालतात. मी दुपारभर ती काकवी तपासत बसलो. चुना जास्तच होता. म्हणजे डांबर तर त्यांचं होतंच, आता गूळही गेला.

असे हे सर यंदा निवृत्त व्हायचे होते. मी खोटं कशाला बोलू, मी दिवस मोजत होतो. यंत्र सकाळी त्यांच्याकडे, दुपारी त्यांच्याकडे, आणि ते जेवायला गेले की माझ्याकडे, असं इतकी वर्षं चाललं होतं. ते गेले की हिरा माझा. मी हिऱ्यावरचा डांबराचा वास घालवण्यासाठी कुठला द्रावक वापरायचा तेही ठरवून ठेवलं होतं. आणि तेवढ्यात सरांनी अर्ज केला की निवृत्तीनंतरही रोज प्रयोगशाळेत येऊन बसायची परवानगी मिळावी. प्राचार्यांनी तो अर्ज माझ्याकडे पाठवला. पुढचा विभागप्रमुख मी होणार होतो, म्हणून माझा अभिप्राय सोमवारपर्यंत लेखी हवा होता. मी हो म्हटलं तर सर येणार, नाही म्हटलं तर नाही.

सरांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त त्या आठवड्यात रोज माझ्यासाठी चहा सांगितला. त्याचाही मला राग आला.

आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या घराचाही हेवा वाटायचा. सर कळंब्याला राहतात, तळ्यापासून जवळ, एकटे. वहिनी गेल्या त्याला काही वर्षं झाली. मुलगा बेंगळुरूला असतो. म्हणजे बघा, सकाळी उठल्यावर कोथिंबीर आणा म्हणणारं कुणी नाही. दोन मुलींच्या भांडणात न्यायनिवाडा नाही. सासूबाईंचा चष्मा शोधायचा नाही. माणसाला यंत्रापुढे हवं तितकं बसता येतं, रविवारीसुद्धा. सर दर रविवारी येऊन बसायचे. त्यांच्याइतका मोकळा वेळ मिळाला असता तर मी गुळात काय करून दाखवलं असतं, असा विचार मी भाजी निवडताना नेहमी करायचो.

तर नाही म्हणायचं ठरलं. पण नाही म्हणायला कारण हवं. मी सरांचे जुने आलेख काढले आणि त्यात चूक शोधायला बसलो. तसं कुणी कुणाचं बघत नाही, पण मी भिंग घेऊन बघितलं. आणि सापडली. तेवीसशे पन्नासच्या आसपास, एक बारीकसं जोडपीक. डांबरात तिथे काही नसतं. ते पीक असतं माणसाच्या श्वासाचं.

हे जरा सांगायला हवं. नमुना ठेवण्याआधी यंत्राला रिकामी हवा दाखवायची असते, म्हणजे ते हवेचा हिशोब वजा करतं. पण त्यानंतर कुणी हिऱ्याजवळ तोंड नेऊन बोललं, तर त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड रेघेत उमटतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही शिकवतो ते हेच, की मोजणी चालू असताना तोंड बंद ठेवा. आठवड्यातले सरांचे आलेख स्वच्छ होते. रविवारचे मात्र सगळे श्वासाने भरलेले. एकही सुटलेला नव्हता. इतकी वर्षं ज्या माणसाच्या कामाची गाव वाहवा करत होतं, त्याला पहिल्या वर्षाची गोष्ट येत नव्हती. त्या दिवशी मी जेवताना वरणभातावर दोनदा तूप मागून घेतलं. बायकोने विचारलं, काही बातमी आहे का. मी म्हटलं, आहे.

रविवारी दुपारी मी त्यातला एक आलेख छापून घेतला, लाल शाईने त्या पिकाला गोल केला आणि कोथिंबीर आणायला म्हणून घरातून निघालो. त्यांच्या तोंडावर दाखवायचं, आणि मग सोमवारी लिहायचं, असा बेत होता. कॉलेज रिकामं होतं. जिना चढलो तर प्रयोगशाळेतून बोलण्याचा आवाज. मला आणखीच बरं वाटलं. म्हणजे सुट्टीच्या दिवशी बाहेरचा माणूस आत घेतलाय. अभिप्रायात आणखी एक ओळ वाढली. दार अर्धं उघडं होतं. मी बाहेर थांबून ऐकू लागलो.

"...तर सकाळी तळ्याव गेलतो," सर सांगत होते. "पाणी बरंच खाली गेलंय. येताना कांदेपोहे घेतले, पर त्यात शेंगदाणेच न्हाईत. आता पोह्यात शेंगदाणे नसले तर कशाला म्हणायचं पोहे? पोराचा फोन आलता. कामात हाय म्हणला. बरं हाय, कामात असावं माणसानं. आणि काय सांगायचं... हां, गुडघा. गुडघा आज जरा बरा हाय."

समोरून काहीच उत्तर येत नव्हतं. मी आत डोकावलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सर टेबलावर दोन्ही कोपर टेकून यंत्रावर वाकले होते आणि हिऱ्यावरच्या काळ्या ठिपक्याशी बोलत होते. पडद्यावर रेघ हळूहळू उमटत होती.

मी परत फिरायला हवं होतं. पण दारातली सैल फळी पायाखाली करकरली आणि सरांनी वर बघितलं. दचकले नाहीत. "या कुलकर्णी," म्हणाले. "सुट्टीदिवशी कसं काय?"

माझ्या हातात तो कागद होता. लपवायला जागा नव्हती. सरांनी तो घेतला, चष्मा कपाळावर सारला, लाल गोल बघितला आणि मान हलवली.

"तेवीसशे पन्नास," ते म्हणाले. "माझाच श्वास हाय ह्यो."

"तुम्हाला माहीत आहे?"

"न ठावं असाय काय झालं? पोरास्नी मीच शिकवतो की."

"मग वजा का नाही करत? सॉफ्टवेअरमध्ये बटण आहे."

"हाय. ठाव हाय." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग पडद्याकडे बोट केलं. "घरीबी बोलतो ओ मी. भांडी घासताना बोलतो, दिवा लावताना बोलतो. पर तिथं त्याचं कुठं काय उमटत न्हाय. हितं निदान दिसतंय, की बाबा, रविवारी हा माणूस बोलला हुता."

मी उगाच हिऱ्याकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "सर, उद्या मी हो म्हणून लिहून देतोय."

"यंत्र तुमीच वापरा," ते लगेच म्हणाले. "सकाळ, दुपार, कवाबी. मला काय, खुर्ची पुरे." आणि मग, नेहमीच्या त्याच आवाजात, जसं काही डांबराबद्दलच सांगतायत, ते म्हणाले, "तुमच्यावर जळतो मी कुलकर्णी. खरं सांगतो. लई जळतो. सांजच्याला तुमाला फोन केला ना, तर मागनं कुकर वाजतोय, टीव्ही चाललाय, पोरी भांडत्यात, तुमची सासू काहीतरी शोधती. काम एका मिनिटाचं असतंय. मी मुद्दाम लांबण लावतो."

मी आयुष्यभर ज्या माणसाचा हेवा केला तो समोर उभा राहून असं बोलत होता, आणि माझ्या हातात हेवा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. घरून होता. मी उचलला तर नेहमीप्रमाणे आधी सासूबाईंचा आवाज, मग धाकटी रडतेय, मोठी तिच्यावर ओरडतेय, आणि त्या सगळ्याच्या वरून बायको, "कोथिंबीर आणायला गेलात की पेरायला? इथं आमटी उकळून आटली. आणि हिने हिची वही फाडलीय, तुम्ही आल्याशिवाय मी यात पडणार नाही."

"आलोच," मी म्हटलं, आणि फोन बंद करायला अंगठा नेला.

सरांनी माझा हात धरला. "ठेवू नका," ते अगदी हळू म्हणाले. "ऱ्हाऊ दे जरा चालू."

मी स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर, यंत्राशेजारी ठेवला. बायकोला वाटलं मी ऐकतोय. ती बोलत राहिली. सर खुर्ची ओढून फोनजवळ बसले.